थर्झाच्या वतीने

ऑगस्टमध्ये आठवडाभर गिरण्या बंद असतात, तेव्हा आमच्या हॅल्मडेनच्या भोवती डोंगर उगवतात. एरवी धुराड्यांच्या पलीकडे काही असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. शनिवारी दुपारी बॉयलर विझतो, रविवारी प्रार्थनेला जाताना धूर पातळ झालेला असतो, आणि सोमवारी सकाळी दार उघडावं तर समोर हिरवागार डोंगर, त्यावर मेंढ्या, मेंढ्यांवर ऊन. आम्ही डोळे चोळत दोन मिनिटं बघतो आणि त्याला पाठ दाखवून स्टेशनकडे पळतो, कारण त्या आठवड्यात अख्खं गाव समुद्रावर जातं. मागे उरतात मांजरं, आणि समुद्रावर जाऊन मजा करायची लाज वाटते असे दोन-तीन धर्मोपदेशक.

त्या वर्षी थर्झा म्हणाली, "केझाया, यंदा मोरकमला जाऊ या. मला समुद्र एकदा नीट बघून घ्यायचाय."

नीट म्हणजे शेवटचा. वसंतात मँचेस्टरच्या डॉक्टरने तिच्या डोळ्यांपुढे दिवा नाचवला, उसासा टाकला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदू आहे, काही उपाय नाही, नाताळपर्यंत सगळा अंधार होईल. तिचे कान तर साच्यांनी केव्हाच खाल्ले होते. आमच्या गिरणीत कापड विणणाऱ्या बाईला पन्नाशीनंतर ऐकू येत असेल तर लोक विचारतात, ही काम करत होती की झोपा काढत होती? मला निम्मं-शिम्मं ऐकू येतं, त्यावरून काय ते समजा. थर्झाला तर शेजारी तोफ उडाली तरी कळत नाही. त्यामुळे ती बोलायची ओरडून. तिची कुजबुज दोन गल्ल्या पलीकडे पोचायची. आणि मी बोलायचे ओठांनी, आवाज न काढता, जसं आम्ही सगळ्या साचेखात्यात बोलतो तसं. जवळजवळ चाळीस वर्षं, आधी शेजारच्या साच्यांवर आणि मग एका छपराखाली, आम्ही दोघी अशाच बोलत आलो. माझं सगळं बोलणं तिच्या डोळ्यांतून तिच्यात जायचं. नाताळनंतर ते दार बंद होणार होतं.

आणि मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायची तर नाताळच्या आत.

त्यासाठी आधी ओठांची भाषा सांगायला हवी. साचेखात्यात तीनशे साचे एकदम धडधडतात. दोरा घेऊन धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि आवाज असा की तो कानाने नाही, दातांनी ऐकू येतो. तिथे ओरडून उपयोग नाही. म्हणून आम्ही शब्द तोंडाने मोठे मोठे घडवतो, गाल ताणून, ओठ वळवून, आणि वीस साच्यांपलीकडची बाई ते वाचते. कारकून लोक चेष्टा करतात की बायका तळ्यातल्या माशांसारखी तोंडं उघडतात. उघडू दे. त्या तोंडांमधून आम्ही लग्नं जुळवली आहेत, बारशी केली आहेत, आणि मॅनेजरच्या विजारीला मागून भोक पडलंय ही बातमी तो दारातून टेबलापर्यंत पोचायच्या आत सगळ्या खात्याला दिली आहे.

ज्याला निरोप द्यायचाय तो लांब असला किंवा पाठमोरा असला, तर मधल्या बायका निरोप पुढे देतात. एकीकडून दुसरीकडे, जसाच्या तसा. मग उत्तर त्याच वाटेने मागे येतं, तेही जसंच्या तसं. मधल्या बाईने त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही खायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण चर्चमधल्या दहा आज्ञांपेक्षा आम्ही तो जास्त पाळतो. शब्द बदलणाऱ्या बाईशी साचेखात्यात कुणी तोंड हलवत नाही. मी अशी एक बघितली आहे. दोन महिन्यांत ती काम सोडून गेली.

आता अडतीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारची गोष्ट. मी एकवीस वर्षांची, थर्झा वीस. माझे चार साचे, पलीकडे तिचे चार. ईनॉक हार्ग्रीव्हज आमच्या खात्यात जॉबर होता, म्हणजे साचा बिघडला की तो पान्हा घेऊन यायचा. तो थर्झावर जीव टाकत होता आणि ती त्याच्यावर. पण थर्झाचा बाप रविवारी प्रवचनं करणारा कडक माणूस, आणि ईनॉक शनिवारी संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बाजाची पेटी वाजवणारा. म्हणजे बोलायलाच नको. बापाने गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंत तिच्यावर पहारा ठेवलेला. म्हणून त्यांचं जे काही होतं ते साच्यांच्या गदारोळात, ओठांनी, आणि बहुतेकदा माझ्यामार्फत. तिचे साचे असे होते की तिची पाठ ईनॉककडे असायची आणि माझं तोंड.

त्या शनिवारी बाराच्या सुमाराला ईनॉक लांब खांबापाशी उभा राहिला. कापसाची धूळ उन्हाच्या तिरिपीत तरंगत होती, त्या धुळीत तो मला पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता. त्याने माझ्याकडे बघून शब्द घडवले. "थर्झाला सांग. उद्या दोन वाजता, तळ्याच्या बांधावर. मंगळवारी लिव्हरपूलहून बोट आहे, अमेरिकेची. दोघांची जागा घेतली आहे. ती आली नाही तर मी एकटा जाईन."

गिरणीचं गरम पाणी त्या तळ्यात सोडतात, त्यामुळे त्यावर सदा वाफ असते आणि कुणीतरी सोडलेले सोनेरी मासे त्यात चांगले पोसलेले आहेत. थर्झाला ती जागा फार आवडायची.

तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी आलंय. तिने भुवया उडवल्या. "काय म्हणतोय?"

खांबाकडून ओठ दिसू नयेत म्हणून मी तिच्या डोक्याआड तोंड नेलं आणि म्हटलं, "सोमवारी साच्याचा पट्टा बदलणार आहे म्हणतोय."

"एवढंच?"

"एवढंच."

ती पुन्हा साच्याकडे वळली. रविवारी दुपारी तळ्यावर काय झालं, कोण आलं, कोण किती वेळ थांबलं, मला ठाऊक नाही. मी चर्चमध्ये थर्झाशेजारी बसून स्तोत्रं म्हणत होते आणि माझा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला असं बायका म्हणाल्या.

मला ईनॉक हवा होता असं कुणी समजू नका. गाजरासारखं नाक होतं त्याचं. मला थर्झा हवी होती. शेजारच्या साच्यावर हवी होती, घरी परतताना रस्त्यात हवी होती, धोट्याच्या भोकातून तोंडाने दोरा ओढताना तिच्या ओठांना लागलेली कापसाची पिसं पुसायला मला हवी होती. ती अमेरिकेला गेली असती तर माझं काय राहिलं असतं? मी तेव्हा हे असं मोकळं बोलू शकले नसते. आता साठीला आले, आता कोण मला काय करणार.

थर्झाला सोमवारी कळलं की ईनॉक गेला. न सांगता, न बोलता. तिने तीन दिवस काही खाल्लं नाही आणि चौथ्या दिवशी कामावर आली. पुढे तिचा बाप वारला, मी माझा बिछाना तिच्या घरी नेला, आणि सुरू झालं ते सुरूच राहिलं. मी चूल बघायची, ती शिवण बघायची. तिला कधीमधी मागण्या आल्या. ती म्हणायची, "एक न सांगता गेला, तेवढा अनुभव पुरे." आणि माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्यावर मी अडतीस वर्षं जगले आणि दर वेळी ते मला काट्यासारखं टोचलं. दोन्ही खरं आहे.

डॉक्टरने सांगितल्यावर मी ठरवलं की तिचे डोळे आहेत तोवर सांगायचंच. मग आरशासमोर उभी राहून सराव केला. एप्रिलमध्ये सांगणार होते, तिला सर्दी झाली. मे महिन्यात सांगणार होते, गुलाबाला कळ्या आल्या म्हणून ती इतकी खूश होती की राहून गेलं. जूनमध्ये एकदा तोंड उघडलं आणि म्हटलं, "थर्झा, बटाटे संपलेत." सांगायचं नसलं की माणसाला दर महिन्याला सबब मिळते. शेवटी मी स्वतःलाच बजावलं, मोरकमला, समुद्रावर, चांगल्या उजेडात, बस्स.

मोरकमचा समुद्र ज्याने बघितला नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र कुणीतरी गुंडाळून नेला असं वाटतं. मागे उरते ती मैलोन्‌मैल ओली वाळू, आणि त्या वाळूत आकाश. कोळंबी पकडणारे लोक घोडागाड्या घेऊन आत आत जातात आणि बघता बघता ढगांतून चालू लागतात. पलीकडच्या तीरावरचे डोंगर कधी असतात, कधी नसतात. आणि शांतता. आमचे साचे बंद होऊन तीन दिवस झालेले असतात, पण ते आमच्या डोक्यात चालूच असतात, लांब, कुठल्यातरी दुसऱ्या घरात चालल्यासारखे. मंगळवारी मी एकदा झोपेतून उठून खिडकीशी आले तर वाळूवर धुकं होतं, आणि मला खरंच वाटलं की मी मेले आहे, आणि इथे काही वाईट नाही.

बुधवारी दुपारी आम्ही किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो. थर्झाने तिची चांगली टोपी घातली होती. सगळं हॅल्मडेन आमच्यापुढून चालत होतं. गावात ज्यांना टाळता येतं ते इथे हमखास भेटतात. थर्झा समोर बोट करून म्हणाली, "ते शीड बघ गं! तांबडं. किती सावकाश चाललंय."

मला शीड दिसलं नाही. मला वाटलं, माझेच डोळे म्हातारे झाले. मी मान डोलावली, ओठांनी म्हटलं, "हो, छान आहे."

"पलीकडचे डोंगर पाण्यावर तरंगतायत."

"हो."

मग मी मनाशी म्हटलं, केझाया, आता. मी तिचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला. ऊन माझ्या तोंडावर येईल अशी बसले. आणि एकेक शब्द, गाल ताणून, साचेखात्याच्या त्या टोकाला जाईल इतका मोठा घडवला. "थर्झा, ईनॉक तुला न सांगता गेला नव्हता. त्याने निरोप दिला होता. माझ्याकडे. उद्या दोन वाजता तळ्याच्या बांधावर ये, बोटीत दोघांची जागा घेतली आहे. मी तो तुला दिला नाही. मी शब्द बदलला. तू जाऊ नयेस म्हणून. माझ्यामुळे तुझं आयुष्य गेलं, थर्झा."

ती माझ्याकडे बघत होती. हसत होती. वाऱ्याने तिच्या टोपीची फीत गालावर येत होती. मला वाटलं, किती मोठं मन हे.

"हो, हो," ती म्हणाली. "घेऊ या ना. पण त्या बाईला सांग, मला साखर दोन चमचे. कालचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी."

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"हात हलवतेस ना?" थर्झा म्हणाली. "वारा लागला मला." मग तिने गालावरची फीत बाजूला सारली. "पकडलंस. तीन आठवडे झाले, बाई. डॉक्टर म्हणाला नाताळ, डोळे म्हणाले जुलै. सांगितलं असतं तर तू समुद्रावर आणलंच नसतंस. आणि रडत बसली असतीस. तू काय बोलतेस ते मी अंदाजाने ओळखते. तू बोलतेसच काय मोठं! जेवण, हवा, आणि शेजारच्या झिल्लाच्या नावाने बोटं मोडणं." ती खदखदून हसली. "मगाशी शीड होतं का गं खरंच? मला वाटलं, समुद्र आहे म्हणजे एखादं असेलच."

तिला मिठी मारून मी रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात निम्मा आनंद होता. मी सांगितलं होतं. माझ्याकडून कसर नव्हती. देवाने बघितलं, समुद्राने बघितलं, आणि थर्झाला कळलं नाही. सापही मेला होता आणि काठीही तुटली नव्हती. आता सकाळ-संध्याकाळ तिचा हात धरायचा, तिला भरवायचं, आणि मरायचं. यापेक्षा मला आणखी काय हवं होतं? मी डोळे पुसून वर बघितलं.

चाळीस पावलांवर, समोरच्या बाकावर, झिल्ला ग्रिमशॉ बसली होती. मांडीवर कागदात कोळंबी. आमच्याच गिरणीतली, आमच्याच गल्लीतली, वयाने आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि जिभेने शंभर वर्षांनी मोठी. तिच्या हातातली कोळंबी तोंडाशी जाता जाता थांबली होती. मी आवाज काढला नाही म्हणजे मी एकांतात बोलले असं मला वाटलं होतं. जन्मभर साचेखात्यात काढून हे मला सुचू नये! गावातली निम्मी बाईमाणसं त्या किनाऱ्यावर होती आणि त्यातली प्रत्येक जण माझे ओठ वाचू शकत होती. निदान वाचलं ते एकट्या झिल्लाने, एवढंच नशीब.

ती उठली, घागरा झटकला आणि सरळ आमच्याकडे आली. समोर उभी राहून ओठांनीच बोलली.

"शब्द गिळलास तू?"

"झिल्ला, हळू."

"हळू काय? मी आवाज काढलाय का? अडतीस वर्षं! आणि आम्हा पोरींना नियम शिकवायला तूच पुढे. मला पहिल्याच दिवशी कान धरून सांगितलं होतंस, जसाच्या तसा दे, नाहीतर देऊ नकोस."

"तिला कळलेलं नाही. तिला दिसत नाही आता. राहू दे ना, पाया पडते तुझ्या."

"माझ्या पाया पडून कोळंबीची सालं मिळतील. तिला सांग."

"कसं सांगू? ऐकू येत नाही, दिसत नाही, लिहिलेलं वाचता येत नाही."

झिल्लाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बाकावर आणखी खाली सरकले. मग तिने थर्झाचा उजवा हात उचलला, तिची बोटं स्वतःच्या ओठांवर टेकवली आणि सावकाश म्हणाली, "मी झि-ल्ला."

थर्झा दचकली. मग तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मभर विसरणार नाही. "झिल्ला! अगं, झिल्लाच! कोळंबी खाल्लीस तू, वास येतोय."

"माझी आजी अशीच ऐकायची," झिल्ला मला म्हणाली. "सहा वर्षं. विणणाऱ्या बाईच्या बोटांना सूत कळतं, ओठ कळणार नाहीत? आता तू सांगतेस, का मी सांगू? मी सांगितलं तर माझ्या शब्दांत सांगेन. मग बघ."

थर्झाची बोटं अजून झिल्लाच्या तोंडावर होती. "काय म्हणतेस? केझायाशी बोलतेयस ना? मला पण सांगा की गं! अंधारात एकटी काय बसवता!"

मी तिचा हात झिल्लाच्या हातातून घेतला. तिच्या बोटांची टोकं धाग्यांनी कापून कापून टणक झालेली, पण तळवा मऊ. मी ती बोटं माझ्या ओठांवर ठेवली आणि डोळे मिटले. आरशासमोर घोकलेलं सगळं विसरले. माफी, माझं प्रेम, माझं एकटेपण, सगळं. फक्त निरोप आठवला. तो मी एकदाही विसरले नव्हते.

"ईनॉक म्हणतो, थर्झाला सांग. उद्या दोन वाजता, तळ्याच्या बांधावर. मंगळवारी लिव्हरपूलहून बोट आहे, अमेरिकेची. दोघांची जागा घेतली आहे. ती आली नाही तर मी एकटा जाईन."

बोटं हलली नाहीत. मला वाटलं, कळलं नाही तिला.

"पुन्हा सांग," थर्झा म्हणाली. या वेळी खरंच हळू.

मी पुन्हा सांगितलं.

"हे त्या शनिवारचं आहे."

"हो."

"पट्टा बदलणार आहे म्हणाली होतीस तू."

"हो."

झिल्ला पाठ करून समुद्राकडे बघत उभी होती. लांब कुठेतरी भरती सुरू झाली असावी, वाळूवर चांदीची एक रेघ सरकत होती आणि कोळंबीवाल्यांच्या गाड्या माघारी फिरल्या होत्या. थर्झा मला मारेल, ओरडेल, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. ती विचार करत होती. एखादा दोरा कुठे तुटलाय ते साच्यावर वाकून शोधावं तशी तिची मान किंचित खाली झुकली होती.

"मग मी काय म्हणाले?" तिने विचारलं.

मी झिल्लाच्या पाठीकडे बघितलं.

"केझाया. निरोप आला की उत्तर जातं. ईनॉक खांबापाशी उभा राहिला असेल उत्तरासाठी. उत्तर घेतल्याशिवाय हलणारा नव्हता तो. मी काय म्हणाले?"

इथवर तुम्हालाही मी अर्धंच सांगितलं आहे. निरोप दडवला म्हटलं की ऐकणारा म्हणतो, होतं असं, तरुणपण, एका क्षणाची चूक. म्हणून मी स्वतःलासुद्धा अडतीस वर्षं तेवढंच सांगत आले. आरशासमोरसुद्धा तेवढंच. पण थर्झा साच्याकडे वळल्यावर ईनॉक तिथेच उभा होता, धुळीच्या उजेडात, पान्हा दोन्ही हातांत धरून, माझ्या तोंडाकडे बघत. मला त्याला ताटकळत ठेवता आलं असतं. तो मग फाटकापाशी थांबला असता, बापाला न जुमानता तिच्यापुढे जाऊन उभा राहिला असता. हे मला तेव्हाच कळत होतं.

मी तिच्या बोटांखाली तो शब्द घडवला. "नाही."

"नाही म्हणाले मी?"

"नाही म्हणालीस."

"कशी? रडत?"

आता काय खोटं बोलणार? ओठ तिच्या बोटांखाली होते.

"हसत," मी म्हटलं. "त्याला म्हटलं, थर्झा हसतेय आणि नाही म्हणतेय."

तिने बोटं काढली. घाईने नाही, झटक्याने नाही. दोन्ही हात तिने मांडीवर घेतले, मग शाल पुढे ओढून ते शालीखाली घेतले, आणि समुद्राकडे तोंड करून बसली. मी तिच्या खांद्याला हात लावला. गुडघ्याला लावला. शाल ओढून बघितली. माझं तोंड तिच्यासमोर उघडत होतं, मिटत होतं, कारकून म्हणतात तसंच माशासारखं, आणि बोलायला मला तिच्या अंगावर जागाच उरली नव्हती. शेवटी झिल्ला वळली आणि म्हणाली, "पुरे कर, बाई. लोक बघतायत." आणि थर्झाला उठवून आम्ही उतरलो होतो त्या घरी घेऊन गेली.

आता फेब्रुवारी आहे. थर्झा घर सोडून गेली नाही. जाणार कुठे आणि कशी? झिल्ला रोज संध्याकाळी येते आणि थर्झा तिच्या ओठांवर बोटं ठेवून तासभर गल्लीच्या बातम्या वाचते, हसते, चेष्टा करते. माझ्याशीही बोलते ती. "केझाया, चूल विझतेय." "केझाया, आज बर्फ पडलाय, हवेला वास येतोय." एकदा म्हणाली, "केझाया, ईनॉक अजून असेल का गं जिवंत?" मी धावत जाऊन तिच्यापुढे गुडघे टेकले, उत्तर द्यायला, ठाऊक नाही एवढं तरी सांगायला. शाल चाचपली. हात आत होते. तिने थोडा वेळ वाट बघितल्यासारखं केलं, मग स्वतःच म्हणाली, "असेल," आणि मला सांगितलं की जेवायला वाढ.